साडेअकरा वर्षं कशासाठी? पोटाचा आणि लिव्हरचा डॉक्टर होण्याची वाट

(दौलताबादला अकरावी-बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे एका पोटविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं आहेत.)

 

मला विषय दिलाय, ‘पोटाचा आणि लिव्हरचा डॉक्टर कसं व्हायचं’. मुलांच्या डोक्यात प्रश्न असतो, नीटला मार्क किती लागतात. पालकांच्या डोक्यात प्रश्न असतो, पोरगं कमवायला कधी लागणार. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून आधी सरळ हिशेब मांडते. मग एवढी वर्षं नेमकी कशात जातात ते सांगते, कारण ते सहसा कुणी सांगत नाही.

आधी हिशेब

बारावी झाली, नीट दिली, एमबीबीएसला नंबर लागला. तिथे साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. झाली साडेपाच. मग नीट-पीजी ही परीक्षा, आणि एमडी जनरल मेडिसिन, म्हणजे साध्या भाषेत फिजिशियन. त्याची तीन वर्षं. मग नीट-एसएस ही आणखी एक परीक्षा, आणि डीएम. त्याची तीन वर्षं. बेरीज करा, साडेअकरा.

सरकारी कॉलेजातून शिकलात तर शिक्षणानंतर काही काळ सरकारी सेवा करावी लागते, त्याला सगळे ‘बाँड’ म्हणतात. शिवाय या तिन्ही परीक्षा पहिल्याच फटक्यात हवी ती जागा देतील असं नाही, एखादं वर्ष अभ्यासात जातं. तेव्हा अठराव्या वर्षी सुरुवात केलेला मुलगा किंवा मुलगी एकतिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी स्वतःच्या पाटीवर ‘पोटविकार व यकृत तज्ज्ञ’ असं लिहू शकते.

पालकांनो, एवढी सगळी वर्षं खिशातूनच जातात असं मात्र नाही. इंटर्नशिपपासून विद्यावेतन सुरू होतं. एमडी आणि डीएम करताना तुमचं लेकरू शिकत असतं तसंच पूर्ण वेळ वॉर्डात राबतही असतं, आणि त्याचे पैसे मिळतात.

फाटे कुठे फुटतात तेही ऐकून ठेवा. डीएम गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी म्हणजे अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत सगळी नळी, आणि तिला जोडलेलं लिव्हर, पित्ताशय, स्वादुपिंड. डीएम हिपॅटॉलॉजी म्हणजे फक्त लिव्हर. लहान मुलांचं पोट बघायचं असेल तर एमडी बालरोग करून पुढे जायचं. हातात सुरी धरायची असेल तर एमएस सर्जरी, आणि मग एमसीएच. डीएमच्या तोडीचा राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा ‘डीआरएनबी’ नावाचा अभ्यासक्रमही आहे, तो मोठ्या खासगी रुग्णालयांतूनही करता येतो.

आता जागा कुठे? तुम्ही दौलताबादची मुलं, इतिहास तुम्हाला मी शिकवायला नको. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी इथे आणली आणि दिल्लीची माणसं इकडे चालत आली. आमच्या शिक्षणात प्रवास उलटा असतो. (हशा) एमबीबीएस आणि एमडी घराजवळ होऊ शकतं. आपलं घाटीचं कॉलेज १९५६ पासून इथे उभं आहे. पण डीएम म्हटलं की मुंबईचं केईएम, सायन, नायर, नाहीतर थेट चंडीगड, दिल्ली, लखनौ, वेल्लोर, हैदराबाद. बॅग उचलावीच लागते.

झाला हिशेब. आता या वर्षांत शिकतात काय?

दिवा आणि वाट

लोकांना वाटतं आम्ही दुर्बीण घालायला शिकतो. ते खरं आहे, पण अर्धंच.

किल्ल्यातली अंधारी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. वाट वळते, पुढची पायरी दिसत नाही, सरळ दिवा धरला तर समोरची भिंत तेवढी उजळते. पोटाचंही तसंच. आत मिट्ट काळोख, आणि वाट वळणावळणाची. पूर्वी डॉक्टर रुग्णाच्या घशातून कडक, जेमतेम वाकणारी नळी घालायचे. रुग्णाचे हाल व्हायचे आणि जठराचे कितीतरी कोपरे दिसायचेच नाहीत. अडचण होती ती उजेड वळवण्याची.

तो वळवला काचेच्या धाग्यांनी. मूळचे पंजाबातल्या मोगा गावचे नरिंदरसिंग कपानी लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याकडे काम करत होते. केसासारख्या बारीक काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाकवून नेता येतं, हे दोघांनी १९५४ मध्ये दाखवून दिलं. त्यावरून १९५७ मध्ये अमेरिकेत बेसिल हर्शोवित्झ यांनी जठर बघायची लवचीक दुर्बीण बनवली, आणि रुग्णाच्या आधी स्वतः गिळून पाहिली. आज धाग्यांच्या जागी टोकाला छोटा कॅमेरा असतो. त्याच नळीतून आम्ही रक्तस्राव थांबवतो, पित्तनलिकेतला खडा काढतो, गाठीचा तुकडा तपासायला घेतो.

हात बसायला शेकडो तपासण्या कराव्या लागतात. शेजारी सिनियर उभे असतात, प्रत्येक तपासणीची वहीत नोंद होते. पण मुलांनो, हात बसायला तीन वर्षं पुरतात. बाकीची साडेआठ वर्षं दुसऱ्याच गोष्टीला लागतात, ती म्हणजे विचारणं आणि ऐकणं.

पोटाच्या डॉक्टरला मराठी फार उपयोगी पडते, हे मी गमतीने म्हणत नाही. ‘पोट दुखतंय’ एवढ्यावर आपला माणूस थांबत नाही. तो म्हणतो आग पडते, मुरडा येतो, कळ येते, डचमळतं, पोट गच्च होतं, करपट ढेकर येतात. प्रत्येक शब्दाचा पत्ता वेगळा. छातीत जळजळ आणि आंबट पाणी तोंडात, म्हणजे आम्ल वर येतंय. मुरडा म्हटलं की आतड्याकडे लक्ष जातं. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ आली तर पित्ताशयातल्या खड्याचा संशय. वरच्या पोटात दुखून पाठीत निघतं आणि पुढे वाकून बसल्यावर जरा बरं वाटतं, तर स्वादुपिंड. मशीन लावायच्या आधी निम्मं निदान इथे होतं.

पितळेचं पातेलं

विचारण्याने काय होतं, त्याचं आपल्याच महाराष्ट्रातलं एक उदाहरण सांगते. आज मी तुम्हाला एकच गोष्ट सांगायची ठरवली असती, तर हीच सांगितली असती.

तुमच्या आजीच्या काळी लहान मुलांचा लिव्हरचा एक भयंकर आजार होता. बाळ सहा महिन्यांचं ते तीन-चार वर्षांचं. किरकिर करायचं, खायचं नाही, पोट फुगायचं, लिव्हर दगडासारखं टणक लागायचं. मग कावीळ, पोटात पाणी, आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत दगावायची. एकाच घरात एकामागून एक भावंडं जायची. पुस्तकात त्याचं नावच ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’, कारण तो प्रामुख्याने भारतातच दिसायचा. एका घरात अनेक मुलं जातात म्हणून अनेकांना वाटायचं, आनुवंशिक असणार. लोक म्हणायचे, घराण्याला शाप आहे.

पुढे तपासणीत या मुलांच्या लिव्हरमध्ये तांब्याचं प्रमाण प्रचंड सापडलं. एवढंसं बाळ, ते तांबं खाईल कुठून?

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांच्याबरोबर काम करणारे ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी हा प्रश्न घरापर्यंत नेला. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? ते कशात तापवता? कशात ठेवता? उत्तर निघालं तांब्या-पितळेच्या भांड्यात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कल्हई नसलेल्या भांड्यात दूध तापवून तसंच ठेवलं की तांबं दुधात उतरतं, आणि दुधातली प्रथिनं ते धरून ठेवतात. आईचं दूध लवकर तुटलेलं आणि असं वरचं दूध लवकर सुरू झालेलं बाळ रोज थोडं थोडं तांबं पीत होतं. १९८३ मध्ये हे संशोधन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. शरीरातलं तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं पेनिसिलामाइन हे औषध वेळेवर मिळालेली काही मुलं वाचलीसुद्धा.

मग घरांना काय सांगितलं? बाळाचं दूध पितळेत ठेवू नका, स्टीलचं पातेलं घ्या. लोकांनी ऐकलं. तशीही स्वयंपाकघरात स्टील येतच होतं. पुढच्या काही वर्षांत हा आजार इतका दुर्मीळ झाला की आजच्या एमबीबीएसच्या मुलांना तो पुस्तकातच भेटतो.

नावात ‘इंडियन’ होतं, पण आजार एकट्या भारताचा नव्हता. ऑस्ट्रियातल्या टायरॉल या डोंगराळ भागात विसाव्या शतकात अशीच शंभराहून जास्त बाळं गेली होती, हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथेही गाईचं दूध आणि तांब्याची भांडी. सगळ्याच बाळांना तो झाला नाही, तेव्हा शरीराची घडणही कारणीभूत असावी. पण भांडं बदललं आणि आजार गेला.

आता विचार करा. यात लिव्हर बदलण्याची शस्त्रक्रिया नव्हती. लिव्हरचा तुकडा तपासणारे डॉक्टर हवेच होते, त्यांच्याशिवाय तांबं दिसलंच नसतं. पण त्यानंतर आईला ‘दूध कशात तापवता?’ असं विचारणारा कुणीतरी हवा होता. लांबलचक शिक्षण असतं ते या दोन्ही गोष्टी एका माणसाच्या डोक्यात बसाव्यात म्हणून.

काविळीचं पाणी, काविळीचा पाला

दुसरं उदाहरण पाण्याचं. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची साथ आली. सुमारे २९ हजार लोक पिवळे पडले. यमुनेतलं सांडपाणी पिण्याच्या पाण्याच्या उपशात मिसळलं होतं. अनेक वर्षं सगळ्यांना वाटत होतं, ही नेहमीची ‘ए’ कावीळ. साथीतल्या रक्ताचे नमुने जपून ठेवले होते, ते पुढे नव्या चाचण्यांनी तपासले तेव्हा कळलं, ही ‘ए’ नाही. तिला आज आपण हिपॅटायटीस ई म्हणतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी या विषाणूवर वर्षानुवर्षं काम केलं. बहुतेकांना ही कावीळ आपोआप बरी होते, पण गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, ती जिवावर बेतू शकते. म्हणून पावसाळ्यात गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर आमच्याकडे यायला दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

आता नाजूक विषय. आपल्या भागात कावीळ झाली की आधी माळ घालतात, नाकात रस पिळतात, कुठे कुठे डागही देतात. ‘अमक्या गावच्या बाबांच्या औषधाने माझा भाऊ बरा झाला’ असं मला रोज कुणीतरी सांगतं. भाऊ बरा झाला हे खरंच आहे. ‘ए’ आणि ‘ई’ या काविळी काही आठवड्यांत आपल्या आपण उतरतात, आणि श्रेय शेवटच्या औषधाला जातं. पण डोळे पिवळे होण्याची कारणं डझनभर आहेत. पित्तनलिकेत खडा अडकलाय, स्वादुपिंडाला गाठ आहे, हिपॅटायटीस बी आहे, टीबीच्या गोळ्या लिव्हरला बाधल्या आहेत. त्यांना माळ उपयोगी नाही, आणि माळेत गेलेले पंधरा दिवस परत मिळत नाहीत.

झाडपाला म्हणजे निर्धोक, हेही डोक्यातून काढा. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू होता. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या लिव्हरला काढ्यानंतर इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वाद झाला. मी एवढंच म्हणेन, डॉक्टरने ‘काय काय घेता?’ विचारलं तर काढासुद्धा सांगा. आणि तुम्ही डॉक्टर झालात तर रुग्णावर न खेकसता विचारा. खेकसलात तर तो लपवेल.

रात्री दोन वाजता

आता सगळ्यात कठीण प्रसंग. रात्री दोन वाजता एका माणसाला रक्ताची उलटी होते. तांब्याभर लाल रक्त. बरीच वर्षं दारू, लिव्हर आक्रसलेलं, त्यामुळे अन्ननलिकेच्या तळाशी शिरा फुगलेल्या. त्यातली एक फुटली.

शेवटचा इलाज दुर्बिणीतून त्या शिरेला रबरी बँड लावण्याचा. तो साधारण बारा तासांच्या आत व्हावा लागतो आणि तो आमच्यासारखे डॉक्टर करतात. पण हा माणूस गावात आहे. त्याच्यासाठी पहिल्या तासात काय होतं ते बघा. हातात दोन जाड सुया, सलाईन, रक्ताची जुळणी, शिरांमधला दाब उतरवणारं इंजेक्शन, आणि अँटिबायोटिकचा एक डोस. आक्रसलेल्या लिव्हरच्या रुग्णाला रक्तस्रावात अँटिबायोटिक दिल्याने जीव वाचतात, हे सिद्ध झालेलं आहे. हे सगळं तालुक्याच्या दवाखान्यातला एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टर करू शकतो. तो गडबडला, नुसतं ‘शहरात न्या’ म्हणाला, तर माझा बँड रिकाम्या शरीराला लागतो.

म्हणून म्हणते, तुम्ही साडेअकरा वर्षांपैकी साडेपाचवर थांबलात तरी तुम्ही अर्धवट डॉक्टर नाही. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरचं काम महाडसारख्या ठिकाणी राहून केलं, आणि ते जगाने मानलं. पोटाच्या आजारांतही असं काम पडलेलं आहे. दारू न पिणाऱ्या, पण पोट सुटलेल्या, शुगर असलेल्या माणसांचं लिव्हर चरबीने खराब होतंय, आणि ते आता खेड्यातही दिसतं. हिपॅटायटीस बी आणि सीची तपासणी नि औषधं २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. ‘सी’ तर बहुतेकांचा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. औषध आहे, पैसे लागत नाहीत, पण माणसाला आपल्याला आजार आहे हेच माहीत नसतं. त्याला शोधणार कोण?

माझं बोलणं झालं. आता तुम्ही विचारा.

श्रोत्यांचे प्रश्न

एक पालक: मॅडम, मुलगी हुशार आहे. पण बत्तिसाव्या वर्षापर्यंत शिक्षण म्हणजे लग्नाचं काय?

काका, लग्न शिक्षणाच्या मध्येही होतं, माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणींचं एमडी करताना झालं. बाळंतपणंही झाली. सोपं असतं असं मी म्हणणार नाही. रात्रपाळी असते, आणि घरी कुणीतरी सांभाळणारं लागतं. तुम्ही मुलीला एवढंच विचारा, तुला हे करायचंय का. ती हो म्हणाली, तर सोयरीक बघताना ‘शिकू देणार का?’ असं विचारू नका, ‘मूल कोण सांभाळणार?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात.

एक विद्यार्थी: नीटला नंबर नाही लागला तर या क्षेत्रात काही आहे का?

आहे, आणि तो दुय्यम दर्जाचा रस्ता नाही. एन्डोस्कोपीच्या खोलीत मी एकटी काहीच करू शकत नाही. तंत्रज्ञ लागतो, प्रशिक्षित नर्स लागते. दुर्बीण नीट निर्जंतुक झाली नाही तर एकाचा आजार दुसऱ्याला जाईल, ते काम त्यांच्या हातात असतं. आहारतज्ज्ञ लागतात. अवयवदानात नातेवाइकांशी बोलणारे समन्वयक लागतात. तिथेही माणसाशी बोलता येणं हीच मोठी पात्रता.

एक आजी: डॉक्टरीणबाई, मग तांब्यातलं पाणी प्यायचं का नाही?

(हशा) आजी, प्या. मी सांगितलं ते तान्ह्या बाळाच्या दुधाचं होतं. तांब्या रोज घासा, आत हिरवं चढू देऊ नका, आणि त्यात ताक, लिंबू, चिंच असलं आंबट ठेवू नका. आंबटाने तांबं सुटतं. तुमच्या आईने पितळी पातेल्याला कल्हई लावून घेतली होती ना? ती त्यासाठीच.

एक विद्यार्थिनी: तुम्ही मोठ्या शहरात शिकलात, मग परत का आलात?

खरं सांगू? परत येण्यात तोटा आहे. मोठ्या संस्थेत सगळी यंत्रं असतात, अडलं तर शेजारच्या खोलीत तुमच्यापेक्षा हुशार माणूस बसलेला असतो. इथे बऱ्याचदा फोन लावावा लागतो, किंवा रुग्णाला पुढे पाठवावं लागतं. पण तिथे माझ्यापर्यंत रुग्ण यायचा तो शेवटच्या टप्प्यात. पोटात पाणी भरलेलं, शुद्ध हरपत चाललेली, आणि हातात बाहेरगावच्या पाच डॉक्टरांचे कागद. इथे तोच माणूस मला पाच वर्षं आधी भेटतो, बायकोला दाखवायला आलेला असतो. मी त्याच्याकडे बघून म्हणते, दादा, तुमचीही एक रक्ततपासणी करून टाकू. पाच वर्षं आधी भेटला की बरंच काही करता येतं.

तू जाशील तेव्हा लांब जा, चांगल्या ठिकाणी शीक. परत यायचं का नाही, ते तेव्हा ठरव. आज फक्त फिजिक्स कर. (हशा)